विमानाची पेटी आणि उंबराची वाट

ये गं, अशी जवळ बस. दारातूनच काय बोलतेस? फोनवर बरं जमतं तुला, "मावशी, आमच्या अंकासाठी तुझ्या नोकरीतली एखादी केस लिहून दे," आणि भिवंडीपर्यंत येऊन नाक्यावरूनच परत जातेस. ट्रॅफिकचं कारण मला सांगू नकोस. त्याच ट्रॅफिकमध्ये शिट्टी फुंकत मी निम्मी नोकरी काढली आहे. आता तू समोर नाहीस म्हणून कागदावरच बसवते तुला. वाचणाऱ्या बाकीच्यांनीही थोडं सरकून बसावं, जागा आहे.

तुझी अपेक्षा खुनाची किंवा दरोड्याची असेल. त्या केसेस मला विचारून विचारून आठवाव्या लागतात. जी न विचारता आठवते, भाकरी थापतानासुद्धा जी मनात येऊन बसते, ती विमानाची. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. माणसं जिवंत आहेत, सुखात आहेत, त्यांना उगाच त्रास नको.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी तेव्हा फौजदार होते. शिपाई म्हणून लागले, घरी बसून पुस्तकं वाचली, खात्याच्या परीक्षा दिल्या आणि वर आले. दिघाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दूरक्षेत्र होतं. दूरक्षेत्र म्हणजे मोठ्या पोलीस ठाण्याची गावाकडची चौकी. दोन खोल्या, वर पत्रा, बाहेर कडुनिंब आणि त्याच्या सावलीला जप्त केलेल्या रेतीचे ट्रक. खाडीतून चोरून उपसलेली रेती पकडली की ट्रकसकट ती आमच्या दारात यायची. तिला म्हणायचं मुद्देमाल. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तो सांभाळायचा, आणि त्यावर गावच्या कोंबड्यांनी उकरायचं.

मे महिन्याचे शेवटचे दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे शेतात राब घालतात. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, मग झाडांच्या वाळक्या फांद्या, पालापाचोळा, गवत, आणि वर बारीक माती. मग ते सगळं पेटवायचं. जमीन भाजून निघते, तण मरतं आणि रोप जोमानं येतं. तर त्या दिवशी चौकीच्या पलीकडच्या गावात प्रत्येकाच्या शेतात राब तयार होऊन पेटवायची वाट बघत होते.

दुपारचं जेवण व्हायचं होतं. आधी आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता, मध्येच खोकल्यासारखा तुटत होता. मग पत्रा थरथरला आणि धाड झालं. हवालदार म्हणाला, "मॅडम, सायझिंगचा बॉयलर फुटला." भिवंडीत मोठा आवाज झाला की पहिला संशय सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यांच्या बॉयलरवरच. पण बाहेर आलो तर टेकाडाकडे पॅराशूट उतरत होतं आणि गावापलीकडच्या शेतातून काळा धूर उठला होता. लढाऊ विमान कोसळलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा विमानाचं तोंड ओढ्याच्या काठात रुतलेलं आणि बाकी सगळं शेतभर विखुरलेलं होतं. इंधन सरीसरीनं वाहत होतं आणि जळत होतं. त्या जाळानं एकेक राब पकडायला सुरुवात केली. राबांच्या पुढे पेंढ्याच्या उडव्या, उडव्यांच्या पुढे घरं, आणि घरांच्या मागे सुताची गोदामं. म्हणजे काय व्हायचं होतं ते तू समज.

भिवंडीहून बंब निघाले होते, पण अरुंद रस्त्यावर अडकले. जवळच्या सायझिंगचा पाण्याचा टँकर आधी पोचला. ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं जीव टाकून पाइप उघडला, आणि आगच पाण्यावर बसून उडव्यांकडे धावायला लागली. तेलाची आग ती. तिला पाणी नको, माती हवी, रेती हवी. रेती म्हटल्यावर मी चौकीकडे वळले.

हवालदार नियमाचा पक्का. म्हणाला, "मॅडम, तो मुद्देमाल आहे. कोर्टात दाखवायचाय."

मी म्हटलं, "कोर्टाला मी सांगते. किल्ल्या काढ."

नशीब असं की ते ट्रकवाले आरोपी त्या दिवशी जामिनाच्या हजेरीसाठी चौकीतच बसले होते. त्यांनीच किल्ल्या घेतल्या, ट्रक शेतात घातले आणि स्वतःची जप्त झालेली रेती घमेल्यांनी आगीवर टाकायला लागले. एकजण जाता जाता म्हणाला, "मॅडम, आता केस हलकी करा." मी म्हटलं, आधी घमेलं भर.

गावानं दुसरी बाजू धरली होती. दरवर्षी राब भाजणारी माणसं ती, पळती आग कशी अडवायची ते त्यांना शिकवावं लागत नाही. पुरुष फावड्यांनी माती ओढून पट्टा मोकळा करत होते आणि बायका हिरव्या फांद्यांनी कडेची आग झोडपत होत्या. त्या बायकांच्या पुढे एक म्हातारी होती. लुगडं कासोटा मारून घट्ट, गुडघे वाकलेले, पण आवाज असा की मेगाफोन लाजेल. ती गावची धवलारीण. आगरी लग्नात धवले म्हणजे लग्नाची गाणी गाणारी ती धवलारीण. ती गायल्याशिवाय त्या गावात मांडव उभा राहत नाही आणि हळद लागत नाही. बायकांना ओळीनं उभं करून ती ओरडत होती, "वाऱ्याच्या तोंडाशी नका उभ्या ऱ्हाव, बाजूशी झोडा." आणि सगळ्या बायका एका ठेक्यात फांद्या आपटत होत्या. लग्नातला ठेका आगीवर चालत होता.

मग बंब आले, मागून हवाई दलाची माणसं आली, त्यांनी पांढऱ्या फेसानं विमान झाकून टाकलं. उन्हं उतरायच्या आत आग विझली. घरं वाचली, गोदामं वाचली. माणूस एकही गेला नाही. राब मात्र सगळे वेळेआधीच भाजून निघाले.

वैमानिक टेकाडाखाली करवंदीच्या जाळीत सापडला. पाय मोडला होता. अगदी कोवळा, मिशीही धड न फुटलेला. स्ट्रेचरवर घेताना माझं बोट धरून त्यानं पहिला प्रश्न केला, "मॅडम, गाँव में किसी को लगा तो नहीं?" मी नाही म्हटलं. तेव्हा कुठे त्यानं डोळे मिटले.

आगीची केस तिथे संपली असती. खरी केस दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

हवाई दलाचे एक वरिष्ठ साहेब चौकशीसाठी आले होते. पिकलेल्या मिशा, बोलणं हळू. ते चौकीत आले आणि आमच्या कळकट कपातला चहा पिता पिता त्यांनी सांगितलं की विमानातली नोंद करणारी पेटी मिळत नाही. नाव तिचं काळी पेटी असलं तरी रंग केशरी असतो. शेवटपर्यंत विमानाचं काय झालं, वैमानिकानं काय केलं, सगळं तिच्यात असतं. पोरगा सांगत होता की पक्षी आदळून इंजिन बंद पडलं, गाव समोर दिसलं म्हणून विमान वळवलं आणि मगच उडी मारली. पण बाहेर लोक वेगळंच बोलायला लागले होते. पोरगा घाबरला, आधी उडी मारली आणि विमान गावावर सोडून दिलं, असं नाक्यानाक्यावर चाललं होतं. पेटी नसेल तर त्याच्या बोलण्याला आधार काय? पुढे त्याला पुन्हा विमानात बसू देतील की नाही, तेसुद्धा त्या पेटीवर होतं.

मला ते बोट आठवत होतं. मी म्हटलं, साहेब, पेटी सापडेल.

म्हटलं खरं, पण सापडेना. शेताला दोर लावून बंदोबस्त ठेवला, पंचनामे झाले, तुकडा न तुकडा मोजून उचलला. आमच्या वरिष्ठांनी गावच्या देवळापुढे सभा घेतली, पेटीचं चित्र दाखवलं. जीपवर भोंगा लावून गावभर पुकारा केला की विमानाच्या वस्तूला ज्यानं हात लावला असेल त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. भोंगा सगळ्यांनी ऐकला. चित्र मात्र देवळापुढे बसलेल्या पुरुषांनीच पाहिलं. बायका मांडवाच्या कामात होत्या. गावात लग्न होतं, आणि लग्नघरात किती कामं असतात हे सभा घेणाऱ्यांना कुठून ठाऊक?

अशात माझा खबरी आला. भिवंडीत टेमघरला त्याची चहाची टपरी होती आणि कान गावभर. म्हणाला, भंगारवाल्या चाचाकडे विमानाचं काहीतरी आलंय, गोणपाटाखाली झाकून ठेवलंय. मी लगेच माणसं घेऊन गेले.

चाचा म्हणजे टेमघरच्या कडेला मोठ्या आवारात बसणारे जुने व्यापारी. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, समोर तराजू. आवारात जुने लूमचे सांगाडे आणि मोडक्या सायकली. मी विचारायच्या आत ते उठले, गोणपाट ओढलं आणि खालचा वाकडा ॲल्युमिनियमचा पत्रा दाखवला.

"ले जाइए. कालपासून आपकीच राह बघतोय," चाचा म्हणाले. "एक ट्रकवाला टाकून गेला. त्याला वाटलं गाडीचा पत्रा."

मी म्हटलं, चाचा, पेटी कुठे आहे?

त्यांनी हात जोडले. "मॅडम, विमान का भंगार कौन लेगा? हर टुकडे पे नंबर. तराजूत घातलं तर पहले माझंच वजन होईल."

माझा हवालदार दम द्यायला पुढे सरकला. मी त्याला थांबवलं. तुला एक सांगते, नोकरीत मी चौकशीला बसले की आधी माणसाच्या हाताकडे बघायची. खोटं बोलणारा हातानं काहीतरी करत राहतो, बटण चाळव, कान खाजव. चाचांचे हात मांडीवर शांत होते. मी स्टूल ओढून बसले, त्यांनी चहा मागवला आणि आमची चौकशी गप्पांसारखी चालली. त्यांचा हातगाडीवाला रोज त्या गावात जातो का, कुणी काय विकलं, असं विचारत गेले.

चाचांनी मग एक गोष्ट सांगितली. लग्नघर म्हटलं की भंगार निघतंच. घर रंगवायला काढलं की फुटकी भांडी, गंजलेले पत्रे, जुन्या बालद्या बाहेर येतात. म्हणून हातगाडीवाला त्या गावात मुद्दाम गेला होता. पण शेताकडच्या बाजूनं शिरायला लागला तर एका म्हातारीनं काठी उगारून त्याला परत पाठवलं. म्हणाली, या वाटेनं यायचं नाही, लांबून ये. आणि तो लांबून गेला तर तिनंच त्याला बसवून पाणी दिलं, गूळ दिला.

चाचा हसून म्हणाले, "पंधरा साल से वो उसी रास्ते से जाता है. बुढ़िया को अब क्या हुआ, अल्ला जाणे."

मी पत्र्याचा पंचनामा केला, चाचांचा जबाब घेतला आणि त्यांना सोडून दिलं. पण ती काठी डोक्यात राहिली. गूळ देणारी बाई काठी कशाला उगारेल?

दुसऱ्या दिवशी त्या लग्नघरी मांडव होता. नवरीच्या आईनं मला आमंत्रण दिलंच होतं. त्या लग्नाची एक कहाणी होती. नवऱ्या मुलाकडे मृत्यू झाला म्हणून तारीख एकदा पुढे गेली होती, आणि मग लोक काय काय बोलायला लागले होते. यंदा काही अडथळा आला असता तर सोयरीकच मोडली असती. म्हणून सगळं घर श्वास रोखून होतं. मी साडी नेसून गेले, वर्दी नाही. वर्दीत गेलं की बायका पदर सावरतात आणि तोंड मिटतात.

आगरी लग्नात मांडवाच्या दिवशी उंबराची फांदी आणतात. धवलारीण पुढे, मागे वाजंत्री, बायका, पोरं. उंबरापाशी जाऊन पूजा करायची, फांदी तोडायची आणि वाजतगाजत आणून मांडवात रोवायची. तो उंबर ओढ्याच्या अलीकडे होता. गावाच्या टोकापासून शेताच्या बांधावरून सरळ वाट, दोन गाणी म्हणेपर्यंत पोचावं इतकी जवळ. पोलिसांचा दोर त्याच्या बराच पलीकडे होता, वाट मोकळी होती.

धवलारीण बांधापाशी आली आणि वळली. सरळ न जाता गावाच्या मागून, गोदामांच्या भिंतीकडून, भर उन्हात सगळी मिरवणूक तिनं फिरवून नेली. बायका कुरकुरल्या. एक म्हणाली, म्हातारीला वाट दिसेनाशी झाली. वाजंत्रीवाला म्हणाला, "आये, ढोल मी धरलाय, तुना कं त्याचा?" म्हणजे तुला काय त्याचं. ती गातच राहिली, वळून बघितलंही नाही. गुडघे धरून चालत होती, पण लांबची वाट सोडली नाही.

आता बघ, ज्या बाईला जिना चढवत नाही ती बाई सरळ वाट टाकून एवढं चालते, तर त्या सरळ वाटेवर काहीतरी आहे. मी मिरवणुकीतून मागे राहिले आणि एकटीच बांधावरून निघाले.

दोन्हीकडे भाजलेले राब होते, काळे, राखेचे. एकच राब वेगळा दिसला. त्याच्या एका कोपऱ्यावर ओलं शेण लिंपलं होतं, वर माती, मातीवर पाणी मारलेलं गोणपाट आणि गोणपाटावर जुना पाटा, वाटण वाटायचा दगड. शेजारी झाडाखाली बसायला टाकलेली एक चटई आणि पाण्याचा तांब्या.

माझं माहेर शेतकऱ्याचं. शेण राबाच्या तळाशी जातं, पेटवायच्या आधी. भाजून झालेल्या राबावर पुन्हा कुणी शेण घालत नाही. मी तिथे हात लावला नाही. झाडाखालच्या चटईवर बसून राहिले.

थोड्या वेळानं मांडवाकडची वाजंत्री थांबली आणि धवलारीण काठी टेकत आली. मला बघून थबकली, मग माझ्याच शेजारी बसली. तांब्यातलं पाणी प्यायली.

मी विचारलं, "आजी, भाजलेल्या राबावर शेण कोण घालतं?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुझा म्हायेर शेतकऱ्याचा हाय काय?"

"हो."

"मंग तुना खोटा सांगून उपेग न्हाय." तिनं काठी आडवी ठेवली. "बाय, तिकडं बाँब हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. आग विझत आली तेव्हा तिच्या राबात ती वस्तू धुमसत पडलेली तिनं बघितली. लष्कराचं विमान, म्हणजे बाँबच असणार. धुमसणारी वस्तू कशी थंड करायची ते तिला ठाऊक होतं, ओलं शेण, ओली माती, ओलं गोणपाट. ते केलं. वर पाटा ठेवला, म्हणजे उडाला तरी थोडका उडेल. त्यानंतर रोज ती झाडाखाली राखण बसत होती. ढोर फिरकू देत नव्हती, पोरं फिरकू देत नव्हती, हातगाडीवालाही नाही. आणि आजची मिरवणूकसुद्धा नाही.

"पोलिसांना का नाही सांगितलं?"

"तुमी गाव उठवला असता. पोरीचा लगीन एकदा मोडता मोडता ऱ्हायलाय. परत मांडव मोडला तर तिला कोन करील? हलद लागली, पोर सासरी गेली की मीच येनार होते चौकीव. तुमचा त्यो भोंगा पन ऐकला ना मी. हात लावला तर गुन्हा. मी तर दोनी हातांनी लावलाय."

"आणि तोवर फुटला असता तर?"

तिनं शांतपणे सांगितलं, "तर मी होते ना बाजूला. माजा आता कं ऱ्हायलाय."

बाई गं, मी चोर पाहिले, खुनी पाहिले. अशी राखणदारीण पाहिली नव्हती. मी विचारलं, वस्तूचा रंग कसला होता? ती म्हणाली, झेंडूसारखा.

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी म्हटलं, आजी, तो बाँब नसावा, ती त्या पोराची पेटी असावी. तिच्यात त्याचा खरेपणा आहे. तिला पेटीचं काही कळलं नाही, पण पोराचं कळलं. म्हणाली, "करवंदीत पडलेला त्यो?"

पण खात्री होईपर्यंत बाँब समजूनच वागायचं, असा नियम. मी हवालदाराला बोलावून बांधाच्या दोन्ही टोकांना माणसं उभी केली, हवाई दलाला कळवलं. धवलारीण माझा हात धरून उभी होती. तिला एकच विचारायचं होतं, लग्न थांबेल का? मांडव गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, मध्ये घरं होती. मी म्हटलं, "तुम्ही जा. गायला लागा. तुमचा आवाज इथपर्यंत आला पाहिजे, म्हणजे मला कळेल की सगळं ठीक आहे."

ती गेली. साहेबांची माणसं आली, त्यांनी आम्हाला मागे सारलं, आणि सावकाश एकेक थर उकलला. मांडवातून धवले ऐकू येत होते. पाटा निघाला, गोणपाट निघालं, माती, शेण, आणि खालून झेंडूच्या रंगाची पेटी. एका कोपऱ्यावर चेपलेली, बाकी धड. त्या मिशीवाल्या साहेबांनी कडक इस्त्रीच्या गणवेशात ती दोन्ही हातांत घेतली आणि हाताला लागलेलं बघून मला विचारलं, "यह क्या है?" मी म्हटलं, गोबर, सर. ते म्हणाले, रहने दो, बाद में धोएँगे. पंचनाम्यात मी तसंच लिहिलं, शेणाने लिंपलेली पेटी. पंच म्हणून सही करायला चाचांच्या हातगाडीवाल्यालाच बोलावलं. त्याच्यावर काठी का उगारली होती, तेही त्याला कळलं.

आमच्या वरिष्ठांना मात्र राग आला. पुरावा दडवला म्हणून त्यांना म्हातारीवर गुन्हा हवा होता. मी वाद घातला नाही. तिचा जबाब तिच्याच बोलीत, शब्द न शब्द लिहून त्यांच्यापुढे ठेवला. ते वाचत गेले. "माजा आता कं ऱ्हायलाय" या ओळीला थांबले, चष्मा पुसला आणि विचारलं, "हिला साक्षीदार करायचं ना?" मी म्हटलं, होय सर. ते म्हणाले, मग करा.

हळद त्याच संध्याकाळी लागली. नवरीच्या आईनं माझ्याही तोंडाला भरभरून फासली. दुसऱ्या दिवशी चौकीत पिवळ्या कानांनी ड्युटी केली.

पुढे बऱ्याच दिवसांनी हवाई दलाच्या त्या साहेबांचा फोन आला. असले अहवाल आम्हाला दाखवत नाहीत, पण ते एवढंच म्हणाले, "बच्चे ने सच बोला था. आख़िर तक मोड़ता रहा." मी फोन ठेवला, जीप काढली आणि गावात जाऊन ते देवळापुढे पुरुषांना सांगितलं, आणि विहिरीवर जाऊन बायकांनाही. ती चूक आमच्या खात्यानं एकदा केली होती, अर्ध्या गावालाच विचारलं होतं. पेटीची जागा उरलेल्या अर्ध्यातल्या एकीला ठाऊक होती.

रेतीचं म्हणशील तर त्याचाही निकाल लागला. न्यायाधीशांनी विचारलं, मुद्देमाल कुठे आहे? मी म्हटलं, विमानावर टाकला, साहेब. कोर्टात आरोपींसकट सगळे हसले. न्यायाधीशांनी हसू दाबून माझं म्हणणं नोंदवून घेतलं. आरोपींना शिक्षा झालीच, पण हलकी. त्यांनी घमेली वाहिल्याचं मी साक्षीत सांगितलं होतं.

तो वैमानिक पोरगा काठी टेकत गावात आला तेव्हा भात कापायला आलं होतं. धवलारिणीनं त्याला नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, "ह्यो? येवढासा?" आणि त्याला खाडीच्या निवट्या माशांचं कालवण घालून इतकं जेवायला लावलं की त्याला उठवेना. मग विचारलं, लगीन झालाय? तो लाजून नाही म्हणाला. तिनं त्याला सांगून टाकलं, तुझ्या लग्नात धवले मीच गाणार.

त्याचं लग्न तिकडे उत्तरेला, त्याच्या गावी. त्यानं खरंच आमंत्रण पाठवलं. ती म्हणाली, इतक्या लांब मी येत नाही, मला विमानाचा अनुभव पुरे झाला. मग माझ्या मोबाइलवरून गायली. मी फोन तिच्या तोंडापुढे धरून उभी होते, आणि तिकडे त्यानं बँड थांबवून सगळ्या मांडवाला ऐकवलं. त्यांना एक शब्द कळला नसेल. पण नंतर त्याच्या आईनं फोन घेतला आणि ती नुसती रडत होती. इकडे ही म्हातारी मला विचारते, "ती कं रडतेय? माजा आवाज फाटला काय?"

तर बाळा, नोकरीनं मला पुष्कळ शिकवलं, पण त्यातलं बरंचसं त्या बांधावर. लपवलेल्या वस्तूपासून चोर लांब राहतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ही बाई तिच्याजवळ बसून राहिली आणि बाकी सगळ्यांना लांब ठेवलं. माणसानं काहीतरी दडवलंय हे कळलं की आपण लगेच विचारतो, याला काय मिळवायचंय? त्या दिवसापासून मी आणखी एक विचारायला लागले, हा कुणाला वाचवतोय? बऱ्याच केसेस मला त्यामुळे सोप्या गेल्या. आणि सरलेल्या नोकरीकडे वळून बघताना मन भरून येतं ते याच्यामुळेच.

धवलारीण अजून आहे. कान गेले, आवाज नाही गेला. मागच्या आठवड्यात भेटले तर तुझंच विचारत होती, ती शहरातली भाची कधी येणार म्हणून. तेव्हा आता कारणं पुरे. लवकर ये, पोरांनाही आण. तुला उंबरापर्यंत घेऊन जाईन, बांधावरून, सरळ वाटेनं. आता लांबून जायला नको.